आदान-प्रयुक्तींचे अनन्य ओळखांक

संगणकाला माहिती व आज्ञा पुरविणाऱ्या कळफलक, माउस, बारकोड-वाचक, बोटांच्या ठशांचा वाचक इ. आदान-प्रयुक्तींपैकी कोणती प्रयुक्ती जोडलेली आहे आणि आलेली माहिती त्यांपैकी नेमक्या कोणत्या प्रयुक्तीकडून आली, हे आज्ञावलीला ठरविता यावे म्हणून जे संकेतांक वापरतात, त्यांना आदान-प्रयुक्तींचे ओळखांक म्हणतात. जो ओळखांक एका प्रयुक्तीला दिल्यानंतर दुसऱ्या कोणत्याही प्रयुक्तीला मिळत नाही, तो अनन्य ओळखांक होय. ‘ही प्रयुक्ती कोणत्या प्रकारची आहे’, ‘ती कोठे जोडलेली आहे’ आणि ‘त्या प्रकारच्या अनेक प्रयुक्तींपैकी ती नेमकी कोणती आहे’ हे तीन वेगळे प्रश्न असून त्यांची उत्तरे देणारे अंकही वेगळे असतात. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नासाठी वापरले गेल्यामुळे व्यवहारातील बरेचसे घोटाळे होतात. ‘प्रयुक्ती स्वतःविषयी जे सांगते ते खरे मानावे काय’ हा चौथा प्रश्न त्याहून अवघड असून भारतात ‘आधार’ योजनेच्या निमित्ताने तो मोठ्या प्रमाणावर पुढे आला. [⟶ संगणक].

ओळखांकाची गरज : कळफलकावरील कळ दाबली असता संगणकाकडे अक्षर जात नाही, त्या कळीच्या स्थानाचा संकेतांक तेवढा जातो. त्याचे ‘अ’ करावयाचे की ‘ए’ हे संगणकातील परिचालन प्रणाली ठरविते. तसेच एकाच संगणकाला दोन कळफलक जोडले, तर परिचालन प्रणाली सर्वसाधारणपणे दोहोंकडून येणारे संकेतांक एकाच प्रवाहात मिसळून आज्ञावलीला देते. एकट्या व्यक्तीने एकच कळफलक वापरावयाचा असेल, तर ही व्यवस्था सोयीची असते. परंतु दुकानातील बारकोड-वाचकाचे उदाहरण घेतल्यास तिची मर्यादा लक्षात येते. बहुतेक स्वस्त बारकोड-वाचक संगणकाला आपण कळफलकच आहोत असे भासवितात. वेष्टनावरील रेघा वाचल्यावर ते जणू कोणी अंक टंकलिखित करून शेवटची ‘एंटर’ कळ दाबावी, तसे संकेतांक पाठवितात. हिशेबनीस गिऱ्हाइकाचे नाव लिहीत असताना सहकाऱ्याने शेजारी साबणाची वडी वाचकासमोर धरली, तर तेरा अंकी संख्या नावाच्या मध्येच उमटते. कळफलकाकडून आलेले नावात व वाचकाकडून आलेले मालाच्या यादीत घालावयाचे असेल, तर प्रत्येक संकेतांकाबरोबर तो पाठविणाऱ्या प्रयुक्तीची ओळख असणे आवश्यक ठरते. विंडोज प्रणालीत एक्सपी आवृत्तीपासून (२००१) ही सोय झाली. त्यानुसार मागणी करणाऱ्या आज्ञावलीला प्रत्येक संदेशाबरोबर प्रयुक्तीचा एक तात्पुरता अंक मिळतो आणि त्यावरून तिचा पूर्ण ओळखांक विचारता येतो. तात्पुरता अंक प्रयुक्ती काढून पुन्हा जोडताच बदलतो, हे विसरून तोच नोंदवून ठेवणाऱ्या आज्ञावल्या दुसऱ्या दिवशी आपलीच प्रयुक्ती ओळखेनाशा होतात.

पूर्वीच्या पद्धती : वैयक्तिक संगणकांच्या आरंभीच्या काळात ओळखांकाची फारशी आवश्यकता नव्हती. कळफलकाची खोबण वेगळी, माउसची वेगळी. खोबणीवरूनच प्रयुक्ती कळत असे. क्रमवार जोडणीचा मायक्रोसॉफ्ट माउस विद्युत् पुरवठा मिळताच रोमन ‘एम’ हे अक्षर पाठवून आपली हजेरी देई. आयबीएम कंपनीच्या पीएस/२ जोडणीत (१९८७) संगणकाने विशिष्ट आज्ञा पाठविल्यावर साधा माउस शून्य हा अंक उत्तरादाखल पाठवीत असे. १९९६ च्या सुमारास चाक असलेला माउस आला तेव्हा एक पेच निर्माण झाला. नव्या माउसने एकदम वेगळा अंक पाठविला असता, तर जुन्या आज्ञावल्यांना तो माउसच वाटला नसता. म्हणून मायक्रोसॉफ्टने एक खुणेची थाप ठरविली. संगणकाने माउसला नमुने घेण्याचा वेग लागोपाठ २००, १०० व ८० असा ठरविण्यास सांगावयाचे आणि मग ओळख विचारावयाची. जुना माउस तिन्ही आज्ञा निमूटपणे पाळून शून्यच सांगे. नवा माउस थाप ओळखून ३ हा अंक सांगे. एखाद्या घरच्या माणसाने दार ठरावीक पद्धतीने वाजवावे, तसाच हा प्रकार आहे. परंतु येथवर सर्व ओळख प्रकाराचीच होती. एका कारखान्यातून निघालेले लाखो माउस या दृष्टीने अगदी सारखेच होते.

यूएसबी जोडणीतील ओळखांक : १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यूएसबी या जोडणीच्या मानकाने वेगवेगळ्या खोबणी रद्द केल्या व त्याबरोबर खोबणीवरून मिळणारी ओळखही नाहीशी झाली. तिच्या जागी प्रत्येक प्रयुक्तीने जोडल्याबरोबर १८ बाइटांचे एक वर्णनपत्र संगणकाला सादर करावे असे ठरले. त्यात निर्मात्याचा व उत्पादनाचा असे प्रत्येकी १६ द्विमान अंकांचे दोन संकेतांक असतात. निर्मात्याचे संकेतांक या मानकाची देखभाल करणारी संस्था शुल्क घेऊन देते. उत्पादनाचे संकेतांक निर्माता स्वतः ठरवितो. उदा., लॉजिटेक कंपनीचा संकेतांक ११३३ व मायक्रोसॉफ्टचा १११८ असून षोडशमान पद्धतीत ते अनुक्रमे ०४६डी व ०४५ई असे लिहितात. १६ द्विमान अंकांत ६५,५३६ वेगवेगळ्या संख्या बसतात. निर्मात्यांसाठी त्या पुरतात, पण जगातील प्रत्येक माउससाठी अर्थातच नाहीत. म्हणून वर्णनपत्रात अनुक्रमांकासाठी आणखी एक जागा ठेवली आहे. निर्माता व उत्पादन यांच्या संकेतांकांना हा अनुक्रमांक जोडला म्हणजे त्या एकाच वस्तूची ओळख पटते.

येथे मानककर्त्यांनी एक सवलत दिली व ती पुढे महागात पडली. अनुक्रमांक ऐच्छिक आहे. माहिती साठविणाऱ्या प्रयुक्तींच्या मुख्य वर्गासाठी तो सक्तीचा असला, तरी कळफलक, माउस यांसारख्या प्रयुक्तींसाठी नाही. प्रत्येक नगात वेगळा अंक घालावयाचा म्हणजे कारखान्यात एक जादा टप्पा येतो, म्हणून स्वस्त उत्पादनांत ती जागा रिकामी सोडतात. काही निर्माते ती भरतात, परंतु सर्व नगांत एकच अंक घालतात, आणि हे रिकाम्या जागेपेक्षाही वाईट असते. रिकामी जागा पाहून प्रणाली दुसरा उपाय तरी करू शकते. अनुक्रमांक आहे असे पाहिल्यावर ती त्यावर विश्वास ठेवते. एकाच अनुक्रमांकाच्या दोन प्रयुक्ती एकदम जोडल्यामुळे विंडोज प्रणाली बंद पडल्याचे प्रसंग घडले आहेत आणि अशा उत्पादनांचा अनुक्रमांक दुर्लक्षावा अशी नोंद करण्याची सोय मायक्रोसॉफ्टला करून द्यावी लागली आहे.

जागेवरून ओळख : अनुक्रमांक नसेल तेव्हा परिचालन प्रणाली प्रयुक्ती ज्या खोबणीत बसविली असेल तिच्यावरून ओळखांक तयार करते. लिनक्स प्रणालीत तर वस्तूवरून व जागेवरून अशा दोन्ही प्रकारच्या नावांच्या दोन स्वतंत्र याद्या ठेवतात व कोणती वापरावयाची हे आज्ञावली लिहिणाऱ्यावर सोपवितात. हा निर्णय क्षुल्लक नाही. समजा, अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक क्षेत्रातील एखाद्या कारखान्याच्या दारात कामगारांच्या हजेरीसाठी एकाच संगणकाला ठशांचे दोन सारखे वाचक जोडले आहेत; एक आत येणाऱ्यांसाठी, दुसरा बाहेर जाणाऱ्यांसाठी. आज्ञावली खोबणीवरून त्यांना ओळखते. सफाईच्या वेळी कोणी दोन्ही तारा काढून उलटसुलट बसविल्या, तर त्या क्षणापासून येणारा प्रत्येक कामगार जाणारा ठरतो. पाळीचे तास, जादा कामाचा मोबदला व महिनाअखेरचा पगार या नोंदींवरच अवलंबून असतो. आणि नोंद यंत्राची असल्यामुळे ती चुकीची असल्याचे सिद्ध करण्याचा भार कामगारावर येतो. वस्तूच्या अनुक्रमांकावरून ओळख केली असती, तर तारांच्या अदलाबदलीने काहीच बिघडले नसते. उलटपक्षी, वाचक बिघडून त्या जागी नवा बसविला, तर अनुक्रमांकावर विसंबणारी आज्ञावली त्याला परका समजते आणि खोबणीवर विसंबणारी मात्र विनातक्रार चालू राहते.

जागेवरून दिलेली ओळख नेहमीच कमी प्रतीची असते असे नाही. भारतातील इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्रात मतदाराने कळ दाबावयाचे ‘बॅलट युनिट’ ही एक आदान-प्रयुक्तीच होय. एका युनिटवर १६ नावे मावतात; उमेदवार अधिक असल्यास एकापुढे एक युनिटे जोडतात. जुन्या (एम-२) यंत्राला चार व २०१३ नंतरच्या (एम-३) यंत्राला २४ युनिटे जोडता येतात. दुसऱ्या युनिटवरील पहिली कळ ही सतराव्या उमेदवाराची, हे ‘कंट्रोल युनिट’ला समजावे म्हणून प्रत्येक बॅलट युनिटमध्ये त्याचा क्रम दर्शविणारी एक कळ असते. निवडणूक अधिकारी ती उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष योग्य अंकावर ठेवून युनिट मोहोरबंद करतात. युनिट कारखान्यातून कोणता अनुक्रमांक घेऊन आले याला येथे महत्त्व नाही. यादीत त्याचे स्थान कोणते, एवढेच मतमोजणीला हवे असते. ते युनिट अस्सल आहे काय, हा वेगळा प्रश्न असून त्यासाठी एम-३ यंत्रातील युनिटे अंकीय प्रमाणपत्रांच्या साहाय्याने परस्परांची खात्री करून घेतात. प्रश्न वेगळे व त्यांची उत्तरे देणाऱ्या यंत्रणाही वेगळ्या, याचे हे चांगले उदाहरण आहे.

मोठे ओळखांक : निर्मात्यांना अंक वाटून देणारी मध्यवर्ती संस्था नसली, तरी अनन्यता साधता येते. १२८ द्विमान अंकांची संख्या घेऊन तीतील १२२ अंक यादृच्छिक रीतीने भरले, तर सु. ५.३ × १०³⁶ वेगवेगळे ओळखांक संभवतात. त्यांतील दोन सारखे निघण्याची शक्यता व्यवहारात शून्य मानतात. खेळांसाठी वापरण्यात येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या आदान प्रणालीत प्रत्येक प्रयुक्तीला असे दोन १२८ अंकी ओळखांक असतात. एक उत्पादनाचा व दुसरा त्या संगणकावरील त्या नगाचा. मात्र लांबी म्हणजे अनन्यता नव्हे. एसडीएल या खेळ-आज्ञावल्यांत लोकप्रिय असलेल्या संचातील ओळखांकही १२८ अंकीच असतो, परंतु तो जोडणीचा प्रकार, निर्माता, उत्पादन व आवृत्ती यांपासून बनविलेला असल्यामुळे एकाच प्रकारच्या दोन नियंत्रकांचा ओळखांक एकच येतो. कोणत्या नियंत्रकावर कोणती कळ कोठे आहे हे जाणण्यास तो उत्तम. दोन खेळाडूंपैकी कोणाचा नियंत्रक कोणता हे सांगण्यास निरुपयोगी. ब्लूटूथ प्रयुक्तींना ४८ अंकी पत्ता असतो. तो उघडपणे प्रसारित झाल्यास बाळगणाऱ्याचा माग काढता येतो म्हणून अलीकडील प्रयुक्ती बदलता पत्ता वापरू शकतात व खरी ओळख केवळ पूर्वी जोडणी केलेल्या संगणकालाच उलगडते.

मराठी टंकलेखनातही या विषयाचा एक उपयोग आहे. इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची कळरचना १९८६ मध्ये ठरली व भारतीय मानक संस्थेने १९९१ च्या मानकात ती समाविष्ट केली; तथापि जुन्या टंकलेखन यंत्रांवर हात बसलेले अनेक लेखनिक रेमिंग्टन रचनाच वापरीत राहिले. एकाच संगणकावर दोघांनी काम करावयाचे तर दर वेळी रचना बदलावी लागते, कारण ती प्रणालीला लागू होते, कळफलकाला नव्हे. प्रयुक्तीचा ओळखांक उपलब्ध असल्यास ती कळफलकाशी बांधता येते. लिनक्सवरील एक्स चित्रप्रणालीत एका कळफलकाला इन्स्क्रिप्ट व दुसऱ्याला इंग्रजी रचना देऊन दोन्ही एकाच वेळी जोडून ठेवता येतात.

आधार योजनेतील नोंदणीकृत प्रयुक्ती : पहिला आधार क्रमांक महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देण्यात आला. व्यक्तीला अनन्य अंक देणे हा या योजनेचा गाभा. ठसे घेणाऱ्या वाचकालाही तसाच अंक असला पाहिजे, हे मात्र काही वर्षांनी ठरले. आरंभीच्या व्यवस्थेत वाचक केवळ ठशाची प्रतिमा देत असे. ती गुप्तलिखित करून भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाकडे पाठविण्याचे काम बँकेची वा दुकानाची आज्ञावली करी. ठसा आत्ताच ठेवलेल्या बोटाचा आहे की पूर्वी साठवून ठेवलेल्या प्रतिमेचा, हे प्राधिकरणाला सांगता येत नसे. फेब्रुवारी २०१७ मध्ये ही उणीव उघड झाली. एकाच व्यक्तीच्या ठशांच्या आधारे १४ जुलै २०१६ ते १९ फेब्रुवारी २०१७ या काळात ३९७ व्यवहार झाल्याचे आढळून आले व साठविलेले ठसे पुन्हा वापरल्याच्या संशयावरून प्राधिकरणाने एका बँकेसह तीन संस्थांविरुद्ध तक्रार नोंदविली. नोंदणीकृत प्रयुक्तींची सक्ती करण्याचा निर्णय मात्र तत्पूर्वीच, २०१७ च्या आरंभी, झालेला होता.

या पद्धतीत प्रत्येक वाचकाला निर्मात्याकडून एक अनन्य प्रयुक्ती-संकेतांक मिळतो व त्याबरोबर गुप्त व प्रकट अशा गणिती किल्ल्यांची एक जोडी. प्रकट किल्ली प्रमाणपत्राच्या रूपाने नोंदविली जाते. त्या प्रमाणपत्राची विश्वासार्हता निर्मात्यामार्फत थेट प्राधिकरणापर्यंत पोहोचते. ठसा घेताच तो वेळेच्या नोंदीसह वाचकाच्या गुप्त किल्लीने स्वाक्षरित व प्राधिकरणाच्या किल्लीने गुप्तलिखित होतो आणि नंतरच आज्ञावलीच्या हाती पडतो. उघडा ठसा आज्ञावलीला कधीच दिसत नाही. संदेशाबरोबर निर्मात्याचा, नमुन्याचा व त्या नगाचा असे तिन्ही संकेतांक जातात. एखादा वाचक गैरवापरात सापडला, तर प्राधिकरणाला त्या नमुन्याचे सर्व वाचक बंद न करता तेवढाच बाद करता येतो. पहिल्या पातळीत (एल-०) स्वाक्षरीचे काम वाचक जोडलेल्या संगणकातील आज्ञावलीत होते, म्हणजे तो संगणक ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर काही प्रमाणात विश्वास ठेवावाच लागतो. पुढील पातळीत (एल-१) गुप्त किल्ली सुरक्षित चकतीत वा प्रक्रियकाच्या संरक्षित भागात असते व ती तेथून बाहेर काढता येत नाही.

ओळखांक व विश्वास यांतील फरक येथे स्पष्ट होतो. यूएसबी वर्णनपत्रातील अनुक्रमांक ही प्रयुक्तीने स्वतःविषयी सांगितलेली गोष्ट आहे. तिला पुरावा नाही. २०१४ मध्ये कार्स्टन नोल व याकोब लेल या जर्मन संशोधकांनी साध्या यूएसबी साठवणपट्टीतील अंतर्गत आज्ञा बदलून ती कळफलक असल्याचे संगणकाला पटवून दिले व तिच्याकडून आपोआप आज्ञा टंकलिखित करून घेतल्या. संकेतांक कोणालाही नक्कल करता येतो. स्वाक्षरी गुप्त किल्लीवाचून करता येत नाही. म्हणून जेथे पैसा वा हक्क गुंतलेला आहे, तेथे केवळ अनुक्रमांक तपासून प्रवेश देणारी आज्ञावली सुरक्षित मानता येत नाही.

तथापि वाचक अस्सल असल्याने त्यावर ठेवलेले बोट अस्सल ठरत नाही. योकोहामा येथील त्सुतोमू मात्सुमोतो व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जिलेटिनच्या बनावट बोटांनी बाजारातील ठसे-वाचक फसविता येतात हे दाखविले होते. नोंदणीकृत वाचकही अशा बोटाच्या ठशावर प्रामाणिकपणे स्वाक्षरी करील. त्यासाठी प्राधिकरणाने ठशातील रेषांच्या वैशिष्ट्यबिंदूंबरोबर प्रत्यक्ष प्रतिमाही तपासून बोट जिवंत आहे की नाही हे ठरविणारी यंत्रणा २०२३ मध्ये कार्यान्वित केली. [⟶ अंगुलिमुद्रा].

मर्यादा व गोपनीयता : प्रयुक्तीचा कायमचा ओळखांक हा ती वापरणाऱ्या माणसाचाही ओळखांक बनू शकतो. एखाद्या संकेतस्थळाला वाचकाच्या संगणकावरील ध्वनिग्राहकाचा खरा अनुक्रमांक कळला, तर ती व्यक्ती नाव न सांगता पुन्हा आली तरी ओळखता येईल. दुसऱ्या संकेतस्थळाच्या नोंदींशीही ती जुळविता येईल. म्हणून न्याहाळक-आज्ञावल्या ध्वनिग्राहक व कॅमेरा यांचे ओळखांक प्रत्येक संकेतस्थळासाठी निराळे तयार करतात आणि वापरणाऱ्याने साठविलेली माहिती पुसल्यास तेही बदलतात. व्यक्तीचा खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २४ ऑगस्ट २०१७ चा, म्हणजे नोंदणीकृत वाचकांची सक्ती झाली त्याच वर्षाचा आहे. पहिल्यात माग राहू नये ही अपेक्षा, दुसऱ्यात प्रत्येक ठशाचा माग राहावा ही. दोन्ही रास्त आहेत. ओळखांक कोणाला, किती काळ व कोणत्या कामासाठी दिसावा हे प्रत्येक प्रणालीत वेगळे ठरवावे लागते.

महाराष्ट्रातील रास्त भाव दुकानांत धान्य देताना शिधापत्रिकाधारकाचा ठसा ई-पॉस यंत्रावर घेतात. तेथे वाचकाची ओळख न पटणे आणि माणसाची ओळख न पटणे यांचा परिणाम धान्य घ्यावयास आलेल्याच्या दृष्टीने सारखाच असतो: धान्य मिळत नाही. परंतु कारणे व उपाय वेगळे आहेत. श्रमाने झिजलेल्या बोटासाठी दुसरे बोट, डोळ्यातील कनीनिकेची प्रतिमा वा भ्रमणध्वनीवरील सांकेतिक अंक असे पर्याय संभवतात. वाचकाचे प्रमाणपत्र बाद झाले असेल, तर ते नवे करण्यावाचून कोणतेही बोट चालत नाही. चांगली आज्ञावली हे दोन नकार वेगवेगळ्या संदेशांनी व शक्यतो समोरच्या माणसाच्या भाषेत दर्शविते.